वरून खाली नेणे

९ मार्च, सोमवार
रिझनिंगच्या पुस्तकात पानापानावर 'डिडक्शन'! अर्थ पाठ करून कंटाळले. म्हटलं, याचं माहेर कुठलं ते तरी पाहू. बाबांनी बांधीवर, आमच्या धानाच्या खाचरात, पाठवलं होतं, युरिया टाकण्याआधी जुनं पाणी काढायला. मातीच्या धुऱ्यात पाण्याचं तोंड अडवायला लावलेला चपटा दगड काढला, मोहाच्या झाडाखाली नेला, त्यावरच बसून शेंगदाणे खात मोबाइल चाळला. लॅटिन निघालं! 'दे' म्हणजे वरून खाली, 'दुकेरे' म्हणजे नेणे. विचाराला वरून खाली नेणं — एसटीचा कंडक्टरही याच घराण्यातला! रोमन लोकांच्या पाण्याच्या पाटाचं नावसुद्धा — 'ॲक्विडक्ट'. आईचा फोन आला तेव्हा कुठे अंधार दिसला. पळत घरी.

१० मार्च
कहर! चोरखमारा तलावाचं पाणी रात्री पाटाला आलं आणि आमच्या बांधीतून सरळ खालच्या, खुशालकाकांच्या बांधीत. आमची कोरडी. बाबांनी विचारलं, "दगड लावला होता ना, दुर्गा?" "हो तं!" मग बाबा पेटलेच — "मंग त्यानंच काढला. पानी कोनाच्या बांधीत हाये?" गुरुवारी पाणीवाटपाची बैठक. काकांची पाण्याची पाळी बंद करायला लावतो म्हणतात. काका दुसऱ्याची शेती ठेक्यानं करतात. पाळी गेली तर धान उभा वाळेल.

११ मार्च
बाबांचं पटत नाही. पाऊस आला की अंगण ओलं होतं. पण अंगण ओलं म्हणून पाऊसच आला कशावरून? आईनं सडा टाकला असेल! हे बाबांना सांगितलं तर — "कायले त्याची वकिली करून राहिली वो?"
काका नळावर भेटले. "म्या हात बी नाही लावला, बाई. तुले तरी पटते का?"
मला पटतं. पण मग काढला कोणी? खोटं कशाला लिहू — मजाही वाटतेय. पुस्तकाबाहेरचं कोडं पहिल्यांदाच मिळालं!

१२ मार्च, सकाळ
वरचं विधान खरं असेल तरच खालच्यावर भरवसा ठेवता येतो, असं पुस्तक म्हणतं. पाण्यासारखंच — वर गढूळ तर खाली गढूळ. बाबांचं वरचं विधान कोणतं? 'दगड लावला होता.' ते त्यांना सांगितलं मीच. न आठवता, सवयीनं. बांधीवर जाऊन येते.

१२ मार्च, दुपार
दगड मोहाखालीच आहे. भोवती माझी शेंगदाण्याची टरफलं. काकांना तोंड दाखवायची लाज वाटते. चारला बैठक. बाबांच्या आधी मी बोलायला उठणार.