भूगर्भशास्त्र म्हणजे बाळंतपण नव्हे

मी, श्रीमती उत्तरा, कै. गोविंदराव बोंद्रे यांची पत्नी, वय सहासष्ट, धंदा निवृत्त शिक्षिका, राहणार धरमपेठ, नागपूर, आज चष्मा लावून, चहा घेऊन व कोणाच्याही दबावाखाली न येता ही व्यवस्था लिहून ठेवते. दबाव आणू शकले असते ते सासरे हयात नाहीत आणि दीर रुपराव बाहेरच्या खोलीत पेपर वाचत आहेत. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. रामटेकजवळचे माझ्या हिश्श्याचे धानाचे शेत दीर रुपराव यांना द्यावे. अट एकच, त्यातली कोरडी विहीर बुजवू नये. कारण नमूद करते.

मी विसाव्या वर्षी विधवा झाले. मॅट्रिक माहेरीच झाले होते. पुढे शिकायचे म्हटल्यावर सासरे आनंदराव यांनी विषय विचारला. मी भूगर्भशास्त्र सांगितले आणि ते लगेच हो म्हणाले. एवढा मोकळ्या मनाचा सासरा पंचक्रोशीत नाही, असे मला वाटले. त्यांनी त्या नावातला फक्त ‘गर्भ’ ऐकला होता, हे मला ठाऊक नव्हते. सून बाळंतपणाची डॉक्टर होऊन राहिली, असे ते बाजारात सांगत फिरले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी असताना शेजारच्या वाडीवरून छकडा आला. रुखमाबाई नावाची पहिलटकरीण अडली होती आणि सारे माझी वाट पाहत होते. मी तिथे जाऊन सांगितले की मला दगडांतले कळते, बाळंतपणातले नाही. मग त्याच छकड्यात तिला घालून आम्ही रामटेकच्या दवाखान्यात नेले. वाटभर तिने माझा हात असा धरला की मनगट काळेनिळे झाले. मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या.

घरी सासरे ओसरीत बसले होते. ‘मंग तू शिकून काय राहिली, सूनबाई?’ त्यांनी विचारले. मी म्हटले, भू म्हणजे जमीन, तिच्या पोटात काय आहे ते. त्यांनी सुपारी कातरली आणि म्हटले, ‘असं असंन तर विहीर कुठं खणाची, ते सांग.’

मी दाखवलेली पहिली जागा कोरडी निघाली. गाव हसले. सासरे हसले नाहीत, त्यांनी दुसरी जागा विचारली. तिथले पाणी आजही आटलेले नाही. पुढे पाहुणा आला की ते त्याला दोन्ही विहिरींवर नेत आणि सांगत, ‘हा अभ्यास, आन् तो निकाल.’ म्हणून कोरडी विहीर ठेवावी.

२. मनसरच्या खाणीतला मँगनीजचा मोठा दगड सदर येथे राहणारे माझे गुरू प्रा. मार्तंड यांना घरपोच द्यावा. मुलींना खडक पाहायच्या सहलीला नेण्याची सोय नाही, तेव्हा गृहशास्त्र घ्या, असा सल्ला त्यांनी मला दिला होता. गृहशास्त्राचा अर्थ मला लग्न झाल्यापासून माहीत होता. मी एकटीच रेल्वेने गेले आणि पदरात बांधून हा दगड आणला. राग आता उरलेला नाही, दगड उरला आहे. त्यांचे वय पाहता तो हातात न देता टेबलावर ठेवावा.

३. पोस्टातील शिल्लक व स्वयंपाकघरातील सर्व भांडी माझ्याकडे स्वयंपाक करणाऱ्या सिंधूताईंना द्यावीत. भूगर्भशास्त्र शिकलेल्या मला नोकरी मिळाली मुलींच्या शाळेत भूगोलाची. शिकले जमिनीच्या पोटातले, शिकवले वरचे. इतकी वर्षे शाळेतून आल्यावर गरम जेवण मिळाले ते सिंधूताईंमुळे. या कलमावर कोणी हरकत घेऊ नये.

४. धरमपेठेतील घर व माझा खडक फोडायचा हातोडा रुपरावांची मुलगी प्रेमलता हिला द्यावा. तिने यंदा एम.ए.ला मानववंशशास्त्र घेतले. तिच्या बापाने त्यातला ‘वंश’ धरला. ‘वंशावळ काढाले भाट आहे ना. पोरीनं काहून मेळघाटात जायाचं?’ असे म्हणून त्यांनी फी भरायला नकार दिला व स्थळे पाहू लागले. ती माझ्याकडे राहायला आली. बापलेकीत श्रावणापासून बोलणे नव्हते.

दिवाळीत रुपराव फराळाला आले तेव्हा प्रेमलताने सहज विचारले, की आजीच्या वेळच्या लग्नांत नवरीकडून हुंडा जायचा की नवऱ्याकडून यायचा? ठाऊक असलेल्या गोष्टीवर गप्प बसणे रुपरावांना जमत नाही. ते बोलू लागले. कोणाला कुठे बसवत, मामाचा मान काय, कोणत्या घरी पोरगी देत नसत आणि का, असे चकल्या संपून चहा दोनदा झाला तरी चालूच होते. शेवटी त्यांनी विचारले, ‘हे तुमच्या शास्त्रात बसते का वं?’

‘बाबा, हेच आमचं शास्त्र आहे,’ ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रुपराव फी भरून आले, आणि मेळघाटात कोरकू आदिवासींच्या गावी थंडी फार असते म्हणून एक घोंगडीही घेऊन आले. तरीही घर मी मुलीच्याच नावे करते. बापाचे मन वळले तसे पुन्हा फिरू शकते, घर फिरत नाही.

५. वरील सर्व गोष्टी रुपराव यांनी पार पाडाव्यात. ते तोंडाने कडक आहेत, व्यवहाराने चोख आहेत.

६. माझा देह नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयास शरीररचनाशास्त्राच्या अभ्यासासाठी द्यावा. हे वाचून दाखवताच रुपरावांनी पेपर खाली ठेवला. ‘वैनी, मंग आम्ही रामटेकले राख कशाची नेणार?’ त्यांचे डोळे भरले होते. मी सांगितले, राख नको, माणसे न्या आणि तळ्याकाठी सर्वांना डाळीचे गोळे घातलेला गोळाभात वाढा, वरून तेल हात राखून घालू नका. मग तेल जवसाचे की करडईचे, एवढेच त्यांनी विचारले.

महाविद्यालयास विनंती, की वर्गात मुली असतील तर त्यांना टेबलाच्या अगदी जवळ उभे करावे. मागून काही दिसत नाही.

हे सर्व मी स्वतः लिहिले, वाचले व मला पसंत आहे.

सही : उत्तरा गोविंदराव बोंद्रे

आमच्यासमोर बाईंनी हसत सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली :
१. नत्थूजी झाडे, शेजारी
२. शोभाताई वैरागडे, निवृत्त मुख्याध्यापिका

नागपूर, दिनांक ९ नोव्हेंबर १९७६