लाखेचा पिवळा पोपट

बालाघाट,
१० नोव्हेंबर १९७४

प्रिय नीळकंठ,

तुझी प्रकृती ठीक असेल असं धरून चालते. माझी ठीक आहे. गुडघा दुखतो, पण बाजार आणि पोस्ट पायी होतं. तुझ्या कालिंदीचं भिलाईहून पत्र आलं. बाळाला दात येताहेत, दिसेल ते तोंडात घालतो म्हणे. तुलाही लिहिलंच असेल तिने.

तू मागच्या पत्रात विचारलंस, ताई, ह्या वयात लाखेच्या कारखान्याच्या भानगडीत तू कशाला पडलीस? शेठच्या मुनीमाने तुला कळवलं असणार. उत्तराला महिना लागला, कारण मला ते अर्धवट द्यायचं नव्हतं. घाईत असलास तर हे पत्र बाजूला ठेव आणि सवडीने वाच, पण शेवटपर्यंत वाच.

ज्येष्ठात अंजना माझ्याकडे आली. वसंताची बायको. वसंता तुला आठवत असेलच, तरी सांगते, कारण माणसं विसरण्यात तू पहिल्यापासून हुशार. माझ्या शाळेचं आवार झाडणाऱ्या जिजाबाईचा धाकटा मुलगा. पन्नास साली तिने त्याच्या कामासाठी माझ्याकडे पदर पसरला. तू तेव्हा नुकताच गोंदियाहून दर गुरुवारी त्या कारखान्यात डॉक्टर म्हणून माणसं तपासायला येऊ लागला होतास. मी तुझ्या नावाने चिठ्ठी दिली आणि वसंता भट्टीवर लागला. एकवीस वर्षं तिथे राहिला आणि एकाहत्तर साली गेला. आधी करंगळीवर एक जखम झाली, ती भरेना. मग करंगळी कापली. मग काखेत गाठ आली. नागपूरच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला तेव्हा अंजनाला तो शब्द दोनदा विचारावा लागला.

तिने माझ्यापुढे एक कागद ठेवला. तुझ्या सहीचा, कारखान्याच्या रजिस्टरातला उतारा. मृत्यूचं कारण: विडीचं जुनं व्यसन व अस्वच्छता. मी वाचून दाखवला. ती रडली नाही. म्हणाली, "बाई, त्यायनं छप्पन सालीच बिडी सोडलती. नागपूरहून दीक्षा घेऊन येतानी गाडीच्या खिडकीतून बंडल फेकलं, मी बाजूले बसली होती. मंग ह्या कागदातली बिडी कोन प्यालं? मी?" मी कागदाची घडी करून परत दिला. तेव्हा ती म्हणाली, "मानूस मेला त मेला. पन त्यानं शब्द मोडला म्हनून काहून लिवलं तुमच्या भावानं?"

नीळकंठ, मी बत्तीस वर्षं मुलींना शिकवलं, इन्स्पेक्टरांपुढे कधी अडखळले नाही. त्या बाईपुढे मला बोलता आलं नाही. त्या गप्प बसण्याचं कारण पुढे लिहीन.

अशा नऊ घरांतल्या बाया एकत्र आल्या आहेत. त्यांचं म्हणणं साधं आहे: आमची माणसं विडीने मेली नाहीत, कारखान्यातल्या हरताळाने, त्या पिवळ्या विषारी भुकटीने मेली. हे जबलपूरच्या कामगार कोर्टातल्या सुनावणीत सिद्ध करायचं आणि तुझे ते कागद खोटे ठरवायचे. त्यांना अक्षर येत नाही म्हणून त्या माझ्याकडे आल्या. मी वही घातली, रकाने आखले. बाकी सगळं त्यांनी केलं. खैरलांजीपर्यंत बसने, वारासिवनी-कटंगीकडे गाडीने, उरलेलं पायी. घरोघर जाऊन विचारलं, कोण कुठल्या कामावर होतं, कधी आजारी पडलं, काय झालं.

ते काम तू वीस वर्षं दर गुरुवारी पाहिलंस. मी यंदा भाद्रपदात पहिल्यांदा पाहिलं, कुंपणाच्या फटीतून, वसंताच्या थोरल्या भावाच्या, टिकारामच्या, खांद्याला धरून. लाखेत पिवळा रंग यावा म्हणून हरताळ कुटून घालतात. कलकत्त्याच्या व्यापाऱ्याला पिवळाच माल हवा. मग ती लाख भट्टीपुढे वितळवतात आणि तिचा ऊन ऊन पत्रा एक माणूस उभा राहून ओढतो. दोन टोकं पायांच्या बोटांत, दोन हातांत, आणि वरचा काठ दातांत. दातांत धरून मान मागे टाकली की पत्रा चादरीसारखा पसरतो. फार सुंदर दिसतं ते. मी जे पाहिलं त्याला दुसरा शब्द नाही, म्हणून लिहिते.

 हा टिकाराम जन्मभर त्याच कारखान्यात लाकडं वाहायचा. त्याला विचारलं तेव्हा कानामागची विडी काढून म्हणाला, "मी त रोज दोन कट्टे ओढतो बाई. साठी उलटली. बिडीनं मरायचं असतं त यमाले मी काहून दिसत नाही? आमचा वसंता त सुपारीबी खात नव्हता." बाया हसल्या. अंजनाही हसली. पण मला त्या बोलण्यात धागा सापडला आणि आम्ही वही दोन भागांत केली. एकीकडे पत्रा ओढणारे. दुसरीकडे लाकूडवाले आणि लाख धुणाऱ्या. एकाच वस्तीतले, एकाच विहिरीचं पाणी पिणारे, एकाच दुकानातली विडी ओढणारे. वीस वर्षांत पत्रा ओढणारे तेवीस झाले, त्यातले नऊ गेले. कोणाचे हात सडले, कोणाची छाती, दोघांना लघवीतून रक्त. दुसऱ्या बाजूला एकतीस जण, त्यातले दोन गेले: एकाला साप चावला, एक म्हातारपणाने. हे काही मोठं शास्त्र नाही. पाचवीतल्या मुलीला जमावं एवढं गणित आहे. तुला का जमलं नाही?

बाया मुनीमाकडेही गेल्या. तो गादीवरून उठलासुद्धा नाही. "ये सब बीड़ी का रोग है, बाई. सेठजी ने किसी के मुँह में ज़हर डाला क्या?" अंजना म्हणाली, "मुँह में नहीं डाला? तो दाँत से क्या पकड़ते थे, तुम्हारी धोती?" त्यानंतर फाटक बंद झालं, पण ते वाक्य वारासिवनीच्या बाजारात आठवडाभर फिरत होतं.

एक गोष्ट मला ह्या बायांकडूनच कळली. त्यांच्या वस्तीत मुलगी देताना मुलीची आई मुलाचा तळहात हातात घेऊन अंगठ्याने चाचपायची. भट्टीवरच्या माणसाच्या तळव्याला कडक बारीक दाणे येतात, मसुरीएवढे. दाणे असले की मुलगा कामाला पक्का, भट्टीवर टिकलेला. गुळगुळीत तळवा असला की नापसंत. अंजनाच्या आईने वसंताचा हात असाच चाचपला आणि घरी येऊन म्हणाली, "पोरगी सुखात राहीन, दाने चांगले भरले आहेत." आता त्याच बाया जिवंत राहिलेल्यांचे तळवे तसेच हातात घेतात आणि ज्याचे दाणे भरलेत त्याचं नाव वहीत लाल शाईने घालतात. लाल शाई माझी, परीक्षेच्या पेपरांची उरलेली. सात नावं लाल आहेत. त्यात डोमाजी आहे, सव्वीस वर्षांचा, गेल्याच चैत्रात लग्न झालेला. त्याच्या सासूने पंगतीत सगळ्यांना सांगितलं होतं, जावयाचे दाणे कसे मोत्यासारखे.

वही घेऊन आम्ही इथल्या वकिलांकडे गेलो. भला माणूस आहे. वही दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाला, बाई, मेलेले मोजता येतात, पण ते म्हणतील, आम्हाला काय ठाऊक? त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हतं. हरताळ घातक आहे हे कारखान्याच्या कोणा माणसाला तेव्हाच ठाऊक होतं, असा एखादा कागद असेल तर दाखवा. नसेल तर ही वही म्हणजे बायकांचं रडगाणं ठरेल. अंजनाने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, बाईंना इंग्रजी येतं, बाई पुस्तकातून काही काढतील. मी म्हटलं, बघते. घरी आले आणि चार दिवस काहीच बघितलं नाही.

कारण मला कुठे बघायचं ते ठाऊक होतं. तुला माझी सवय माहीत आहे. आलेलं प्रत्येक पत्र मी सालवार दोऱ्यात ओवून ठेवते. आपले बाबा तहसिलीतून हीच एक गोष्ट शिकून आले आणि तीच मला शिकवून गेले. साठ सालचा गठ्ठा, श्रावण महिना. कालिंदी तेव्हा सात वर्षांची. तिची आई गेल्यापासून ती माझ्याकडेच होती आणि पेन्सिलीपासून वेणीच्या टोकापर्यंत सगळं चावायची. वसंताने भट्टीवरच्या उरल्या लाखेचा एक पिवळा पोपट करून तिला दिला होता. तू रविवारी आलास, पोपट तिच्या तोंडात पाहिलास आणि काही बोलला नाहीस. गोंदियाला पोचल्यावर पत्र टाकलंस. तुझे शब्द तुलाच लिहून पाठवते, कारण तू विसरला असशील: "ताई, तो पोपट ताबडतोब काढून घे. त्यात हरताळ आहे, म्हणजे सोमलाच्या विषाचीच जात. तळहाताला दाणे येतात ते त्याचेच, पुढे त्यांचं काय होतं ते मी नागपूरला शिकत असताना पाहिलं आहे. मुलीच्या तोंडात ती वस्तू पुन्हा जाता कामा नये. शेठ चांगला माणूस आहे, उगाच बोभाटा नको. वाचून फाडून टाक."

मी पोपट काढून घेतला. पत्र फाडलं नाही, पण त्याने काय झालं? कालिंदी रडली, तिला सांगितलं की पडून फुटला. तिने ते वसंताला सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात तो दुसरा पोपट घेऊन आला. मी दारातच होते. म्हणाला, "बाई, ह्याची चोच लय बारीक निघाली. दातानं ओढली म्हनून निघाली, हातानं नसती निघाली." मी तो पोपट त्याच्या हातातून घेतला. तेव्हा त्याचा तळवा मला लागला. दाणे होते. मी म्हटलं, छान आहे. तो गेला आणि मी पोपट शाळेमागच्या पडक्या विहिरीत टाकला. मी तेव्हा विचार केला नाही असं लिहून मोकळं होता आलं असतं, पण मी विचार केला होता. पूर्ण एक संध्याकाळ केला. तुझी नोकरी, मुलीचं शिक्षण, माझ्या शाळेच्या इमारतीला शेठने घालून दिलेलं छप्पर. सकाळी उठून शाळेत गेले. त्यानंतर वसंता अकरा वर्षं तो पत्रा दातांत धरत होता.

परवा ते पत्र मी अंजनाच्या हातात दिलं. नक्कल नाही, तेच. आधी वाचून दाखवलं, सबंध. पोपटाचंही सांगितलं, दोन्ही. तिने ऐकलं, कागद पदरात बांधला आणि उठली. दारात थांबून एवढंच म्हणाली, "पोपट त्यायनं माह्या पोरीसाठीबी केलता, बाई. आमाले कोनी पत्र नाही टाकलं." अठ्ठावीस तारखेला जबलपूरला सुनावणी आहे. पत्र वाचलं जाईल, त्याखाली माझा जबाब असेल की ते मला मिळालं, मी वाचलं आणि चौदा वर्षं गप्प राहिले. मी हे पत्र तुझी परवानगी मागायला लिहिलेलं नाही. माफी मागायलाही नाही. ती तुझी मागायची नाही. एवढ्याचसाठी लिहिलं की तुझ्यापुढे अठरा दिवस आहेत. त्या दिवशी तू स्वतः उभा राहून विडीची ती ओळ खोटी होती असं सांगितलंस, तर तुझं पत्र तुझ्या तोंडून वाचलं जाईल. आला नाहीस, तर मी वाचीन, आणि माझा आवाज अजून मागच्या बाकापर्यंत पोचतो. डोमाजीला भट्टीवरून उतरवलं आहे. त्याची सासू माझ्याशी बोलत नाही, तिला वाटतं मी जावयाची नोकरी घालवली. चालेल.

कालिंदीला मी काही कळवलेलं नाही. तिला तू सांग.

फाडायला सांगितलेलं न फाडणारी,
तुझीच,
ताई