सम्राट अजून पोस्टातच

नेकारसुल्म, ४ फेब्रुवारी २००७
संकल्प : जेवणाच्या टेबलावर डॅन्यूब नदी आणि तिच्या काठाने युद्धावर निघालेले प्रिटोरियन, म्हणजे रोमन सम्राटाचे खास अंगरक्षक. एकशे साठ सैनिक, प्रत्येकाची उंची अडीच सेंटिमीटर. आमच्या मॉडेल-फेराइन या प्रतिकृतिकारांच्या मंडळाचे अध्यक्ष हेर ब्रेनर यांच्या मते हे शोभेचे शिपाई, राजवाड्याच्या दारात उभे राहणारे. ३१ मार्चच्या प्रदर्शनात हे मत साधार खोडून काढीन.

११ फेब्रुवारी
यामिनीला इथून तीन तासांवरच्या उंटरश्लाइसहाइम गावातल्या एका लॅबमध्ये नोकरी मिळाली. दोन एप्रिलपासून. अभिनंदन केले. आमच्या कंपनीचेही तिथे ऑफिस आहे. माझ्या बदलीचा अर्ज तिनेच भरून टेबलावर ठेवला. अहो, फक्त सही करायची आहे, पंधरा मार्चच्या आत, असे दोनदा म्हणाली. करीन. पहिला उत्साह आहे, ओसरेल.

२५ फेब्रुवारी
सैनिक रंगवून झाले. सम्राट मार्कस ऑरेलियस मात्र लाइपझिगहून पोस्टाने यायचा आहे. त्याच्याशिवाय मांडणी अशक्य. सम्राट स्वतः मोहिमेवर निघाला की हे दल राजधानी सोडून त्याच्यासोबत निघे. याच युद्धात दलाचा एक प्रमुख लढताना पडला. हे शोभेचे शिपाई? यामिनीला सविस्तर समजावले. तिने विचारले, निघायचे ठरल्यावर ते सामान बांधायला किती दिवस लावत? प्रश्न चांगला होता. संदर्भ पाहून सांगतो म्हणालो.

४ मार्च, सायं. ६.४०
टेबल दोन मिलिमीटर डुगडुगते. नदीला हे चालणार नाही. हाताशी होता तो कागद चौपदरी करून पायाखाली सारला. पातळी अचूक.

१६ मार्च
अर्ज पाठवलात का, असे यामिनीने काल विचारले. शोधतो म्हणालो. सापडला नाही. आज विचारले नाही. राग निवळला असावा. तिने कपबशा दोन खोक्यांत बांधल्या. टेबल अडलेले असल्याने हल्ली ओट्यापाशी उभ्यानेच जेवते.

३० मार्च
यामिनीची गाडी १०.०७ची. तिला बानहोफवर पोचवायला रजा घेतली होती. परंतु पोस्टमन दहा ते बारा येतो. तिने दारातून सांगितले, पीठ वरच्या फळीवर आहे, अहो, गॅस आठवणीने बंद करत जा. बरे म्हणालो. तीन आठवड्यांत परतेल.
११.१५. सम्राट आला. यथास्थान उभा केला.

३१ मार्च
हेर ब्रेनर मांडणी न्यायला घरी आले. बराच वेळ वाकून पाहत राहिले. म्हणाले, हो, तुम्ही जिंकलात; हे लढणारेच लोक. मग टेबलाखालचा कागद काढून उलगडला आणि बोट ठेवून दाखवले : इथे, गेनाऊ, अगदी इथे, सही राहिली आहे.

रात्री ८.१०
प्रदर्शनात प्रथम क्रमांक. अर्जावर सही केली. मुदत संपून सोळा दिवस झाले.
सामानाविषयीचा संदर्भ कुठेच सापडला नाही.
टेबल रिकामे आहे. उभ्यानेच जेवलो.