साक्ष झाली, पोलीस गेला

मंगळवार संध्याकाळ, सांगली

खंडणी टोळीच्या खटल्यात बाकीचे साक्षीदार फितूर झाले. नवऱ्याच्या खुनाबद्दल आज एकटी सखूबाई बोलली. टोळीच्या म्होरक्याकडे तिने सरळ बोट दाखवलं. इतकी वर्षं सरकारी वकील आहे, पण न थरथरणारं असं बोट पाहिलं नव्हतं.

आत्ता तासगावहून तिचा फोन. "मॅडम, दारातला पोलीस गेला. साक्ष झाली म्हनं."

ठाण्यात विचारलं. संरक्षणाचा हुकूम निकालापर्यंतचा आहे ना? साहेब म्हणाले, "माणसं कमी आहेत." मग हुकूम कशासाठी भांडून मिळवला मी? ते बोट डोळ्यांपुढून हलत नाही.

तिला म्हटलं, माझ्याकडे राहायला या.

"आवं, घर सोडलं तर त्येच जिंकलं न्हवं का?"

कपडे पिशवीत भरलेत. तिच्याकडे मीच निघालेय.