बाबांच्या बुटांचा चिखल

प्रिय ताई,

पत्र लिहायला बसलो की पेन्सिलीला टोक करावंसं वाटतं, टोक झालं की पाणी प्यावंसं, आणि पाणी प्यायला उठलो की मी थेट गेटाबाहेर. असे चार महिने गेले. माझ्या पायाला भिंगरी आहे म्हणतेस ना, ती हातालाही आहे. रागावू नकोस.

सध्या मी एका काचघरात आहे, आल्याआल्या कार्डावर नुसता पत्ता कळवला होता ना, तिथेच. भातावर संशोधन करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्या कुंड्या धुतो. तीनशे वीस कुंड्या! इथली मांजर मात्र सतराव्या कुंडीतच झोपते, उठवलं तर फिस्कारते... पण ते असो.

पहिल्याच दिवशी बोलणी खाल्ली. घरून निघताना माझी चप्पल तुटलेली, म्हणून बाबांचे गमबूट घालून आलो होतो, न विचारता. तळाला आपल्या खाचराचा चिखल वाळून बसलेला. बाई म्हणाल्या, अख्खं शेत पायात घालून आलास की काय! मग त्यांनाच काय सुचलं कोण जाणे, चमच्याने तो चिखल खरवडला आणि त्यातलं चिमूटभर काचेच्या ताटलीत वाढवायला ठेवलं. चार दिवसांत पिवळट ठिपके उमटले. जंतू! आई ज्यांच्या धाकाने आपल्याला तीनतीनदा हात धुवायला लावायची, ते. पण हे गुणाचे निघाले. भाताच्या मुळांना बिलगून राहतात, मुळांतून पाझरेल ते खातात, आणि खाल्ल्या घराला जागतात. मुळं वाढवतात. माझ्यासारखे नाहीत.

बाईंनी अर्ध्या रोपांची मुळं त्या जंतूंच्या गढूळ पाण्यात बुडवली, अर्ध्यांची साध्या पाण्यात. लावली मी, हां. महिन्याने उपटून पाहिलं तर जंतूवाल्यांची मुळं चार बोटांनी लांब, फुटवेही जास्त. विश्वास बसेना म्हणून तीनदा मोजली. बाबा म्हणाले होते ना, जाशील तिथे चिखल करशील? केला, ताई.

पण बाई म्हणतात, काचघरात सगळेच शहाणे, खरं काय ते शेतात कळतं. त्यांना आपलंच शेत हवंय, हे जंतू तिथलेच म्हणून. त्यासाठीच हे पत्र. बांधालगतचं एक खाचर बाबांकडे माझ्यासाठी माग. तुझं ऐकतात ते. पुढच्या लावणीला मी येईन, रोपं बुडवून स्वतः लावीन आणि कापणीपर्यंत हलणार नाही. हे वाक्य दोनदा खोडून परत लिहिलंय. मागच्या वेळी असंच म्हणून अर्धी लावणी टाकून पळालो, तेव्हापासून तर त्यांनी माझं नाव टाकलंय.

थांब, राखणदार हाका मारतोय, माझ्याकडे कुणी आलंय म्हणे. माझ्याकडे कोण येणार? खिडकीतून बघतो. अगं, बाबा! पत्ता तूच दिलास ना, चहाडखोर! शेतातून तसेच निघालेले दिसतात, पायात नवे गमबूट, गुडघ्यापर्यंत चिखल. आणि आतली फरशी खराब नको म्हणून नळाशी जाऊन बूट धुवायला वाकलेत. पळतो, आधी तो नळ बंद करायला हवा.

तुझाच,
भिंगरी