जॅकवरची दारं

३ फेब्रुवारी
कॉलेज अर्ध्यात सोडल्याचं सार्थक झालं. मामाने गॅरेजमधलं पहिलं स्वतंत्र काम दिलं. एका जुन्या बसचं चालतंफिरतं घर होतंय, त्याच्या बाहेरच्या सामानाच्या कप्प्यांना दारं बसवायची. कस्टमर: ती. तिच्या आईच्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकलेत. आईला एकदा समुद्र बघायचाय. मागच्या चाकाजवळच्या कप्प्यात आईचा ऑक्सिजन सिलिंडर राहणार.
दारं नीट होतील ना, असं तिने मला विचारलं. मामा शेजारी असून मला! आता आणखी काय सांगायला हवं?

५ फेब्रुवारी
संकल्प: रागवायचं नाही.
मामा म्हणतो, गाडी जॅकवरून उतरव, आतली पाण्याची टाकी भर, मग माप घे. ओझं पडलं की बॉडी खाली बसते, दारं आवळतात. म्हटलं, लोखंड आहे, गादी नव्हे. म्हणाला, तुझं डोकंही लोखंडच. पाना फेकला. त्याच्या दिशेने नाही. संकल्प उद्यापासून.
मापं जॅकवरच घेतली, उभ्याउभ्या. वाकायला मी काय म्हातारा?

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
ती आली. मला दादा म्हणाली. मामासमोर दुसरं काय म्हणणार? धोरणी आहे. चहा नको म्हणाली. लाजते.

१३ फेब्रुवारी
दारं तयार! बोट लावलं की उघडतात. मामा तापाने घरी, म्हणजे खोट काढायला कोणी नाही. गाडी खाली घेतल्यावर सिलिंडरचं दार जरा कुरकुरलं. नवीन आहे, सवय होईल. किल्ली तिच्या हातात दिली. टाकी ती घरी भरेल. समुद्रावरून परत आली की सरळ विचारणार. तोवर मिशीही धड येईल.

१६ फेब्रुवारी
तिचा फोन! आवाज कापत होता. आधी वाटलं, विरहाने.
वाटेत आईला धाप लागली आणि सिलिंडरचं दार उघडेना. म्हटलं, जोरात ओढा. म्हणाली, हँडल हातात आलंय. मग फोन कट. नंतर मामाला कळलं, एका ट्रकवाल्याने पहारीने पत्रा फाडला. आई वाचली, पण तिथूनच माघारी, हॉस्पिटलात.
दाराच्या कडेचं रबर भिकार निघालं. दुकानदाराला सोडणार नाही.

१९ फेब्रुवारी
फाटकं दार घेऊन गाडी परत आली. मामाने ते दार उतरवून माझ्यासमोर ठेवलं आणि दुसऱ्या कामाला लागला. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.
आईला बरं वाटलं की पुन्हा निघणार आहेत. नवीन दार केलं, त्याच मापाचं. माप चुकलं नव्हतंच.

२७ फेब्रुवारी
आई गेली. हॉस्पिटलातच.
ती आली होती. गाडी विकून टाका, मामाला म्हणाली. मामाने टाकीतलं पाणी सोडून दिलं. ते वाहून जाईपर्यंत ती बघत उभी होती. जाताना माझ्या अंगावरूनच गेली. दादासुद्धा म्हणाली नाही.
नंतर सिलिंडरच्या कप्प्याला बोट लावून बघितलं. जरा कुरकुरलं आणि उघडलं. रिकाम्या गाडीला माझी सगळी दारं बरोबर बसतात.
मामाला दाखवायला निघालो होतो. अर्ध्या वाटेवरून परत आलो.