चिमट्यासकट मागणी

कोस्कीला, मिशिगन
ऑक्टोबरचा शेवटचा सोमवार

चि. रेनो यास सायमाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझी कंबर आता सरळ झाली असेल आणि डोरिसचा खोकला फ्लोरिडाच्या उन्हाने पळाला असेल, असं धरून चालते. मी धडधाकट आहे, फक्त एका जागी बसवत नाही. माझा अर्विद गेल्यापासून पडदे दोनदा धुतले, कपाट खिडकीशी नेलं, आवडेना म्हणून परत भिंतीला लावलं, आणि वेलदोड्याचा पाव इतका भाजला की शेजारणी मला बघून रस्ता बदलतात. तू लिहितोस, ताई, घर विकून टाक, मी न्यायला येतो, तिथे एकटी काय करशील. (उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर तुझ्यासारख्यानेच.) आणि मग अगदी खाली, बारीक अक्षरात, अर्विदचा काडतुसं भरायचा चिमटा मात्र विकू नकोस, मला आठवण म्हणून हवा. उत्तराला उशीर झाला तो याच चिमट्यामुळे.

चिमटा तुझ्या पाहण्यातला आहे. सासऱ्यांच्या वेळचा, काळा, दोन दांड्यांचा, ओट्याच्या खणात लाटण्याशेजारी पडलेला. इथल्या पुरुषांच्या बंदुका त्यांच्या बापांच्या, आणि त्या बंदुकांची काडतुसं दुकानात मिळेनाशी होऊन जमाना लोटला. वापरलेल्या पितळी नळ्या जपायच्या आणि घरी पुन्हा भरायच्या, एवढाच मार्ग. असे चिमटे पूर्वी घरोघरी होते, पण कुणाचा गंजला, कुणी भंगारात घातला, आणि धड चालणारा राहिला एक आमचा. गावभर नाव होतं, काडतूस असावं तर अर्विदचं. हरणांची शिकार उघडते पंधरा नोव्हेंबरला. म्हणजे अर्विद ऑगस्टमध्ये गेला, ही त्याच्या मित्रांची किती मोठी गैरसोय झाली ते तूच बघ.

तेव्हापासून घराला गुळाच्या ढेपेची कळा आली आहे, मुंगळे हटत नाहीत. सांत्वनाला येतात, कॉफी पितात, अर्विद देवमाणूस होता म्हणतात, आणि डोळे ओट्याच्या खणावर. पास्टरांनी तर कमाल केली. तलवारी मोडून नांगराचे फाळ करावेत हे वचन वाचून दाखवलं आणि त्याच श्वासात म्हणाले, असलं लोखंड विधवेच्या घरात असू नये, चर्चमध्ये सांभाळून ठेवू. (पास्टर दर वर्षी दोन हरणं मारतात.) शेजारचा यालमार त्याहून धीट. मी साय आणायला आत गेले तेवढ्यात त्याने खण उघडून चिमटा चालवून पाहिला असणार, कारण परत आले तर त्याचा उजवा हात कोटाच्या खिशात आणि स्वारी डाव्या हाताने पाव खाते आहे. पुढच्या रविवारी अंगठा वांग्यासारखा सुजलेला सगळ्या चर्चने पाहिला. दारात सापडला म्हणाला. मी म्हटलं, दारं फार वाईट असतात हो.

गेल्या शनिवारी सॉनातली वाफेची आंघोळ आटोपून, केस ओलेच विंचरून, स्वच्छ सदरा घालून हा यालमार दारात उभा. बराच वेळ बर्फ लवकर पडणार का यावर बोलला. मग म्हणाला, "वहिनी, हिवाळा जवळ आला. दोन माणसांसाठी दोन घरं तापवायची म्हणजे लाकडाची नासाडीच की." मला उमजायला वेळ लागला की ही लग्नाची मागणी आहे. मी विचारलं, "आणि चिमटा?" तर म्हणाला, "तो तर येईलच ना तुमच्याबरोबर." अगदी निरागसपणे म्हणाला, म्हणून राग आला नाही.

मी खण उघडला, चिमटा आणि रिकाम्या नळ्या त्याच्यासमोर ठेवल्या आणि म्हटलं, एक भरून दाखवा, मग लाकडांचं बघू. बिचाऱ्याला घाम फुटला. पहिली नळी चेपली, दुसरी वाकडी झाली, तिसरीत गोळी अशी तिरकी बसली की मलाच तिची दया आली. "अर्विद कसं करायचा हो हे?" असं तो म्हणाला आणि मला राहवलं नाही. चिमटा घेतला, भरून दिलं एक, बोलता बोलता, खाली न बघता. यालमार काडतुसाकडे बघतो, माझ्याकडे बघतो, कॉफी निवून गेली तरी बघतोच आहे.

"वहिनी, कधीपासून?"

खाणीत ह्यांची बोटं गेली तेव्हापासून, मी सांगितलं. रेनो, तुलाही हे पहिल्यांदाच कळतंय. ह्यांनी समोर बसून गोष्टी सांगायच्या, मी चिमटा दाबायचा, असा आमचा संसार झाला. नाव ह्यांचं झालं याचं मला कधी कधी वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. आता ते टेबलाच्या पलीकडे नाहीत याचं त्याहून फार जास्त वाटतं. हात रिकामे राहिले की जीव थाऱ्यावर राहत नाही, म्हणून ते पडदे आणि तो पाव.

यालमारने लग्नाचं पुन्हा काढलं नाही. हळूच विचारलं, "मग यंदाचं काय?" मी म्हटलं, काडतुसं मिळतील, सगळ्यांना मिळतील, पण शिकारीच्या कॅम्पातली अर्विदची खाट माझी. त्याचा चेहरा उतरला. त्या जंगलातल्या खोपट्यात आजवर बाईमाणसाने ताट विसळायलासुद्धा पाऊल टाकलेलं नाही. सगळ्यांना विचारावं लागेल म्हणत गेला. काल विचारून आला. खाट मिळाली. पास्टरांची एक अट होती, पाव वहिनींनी आणावा. मी म्हटलं, पाव पास्टरांनी आणावा.

डोरिसला जप. उन्हात फार हिंडू नकोस.

तुझी,
सायमाताई

ता.क. चिमटा मिळणार नाही. आठवण हवी तर अर्विदची टोपी घे, जरा वास मारते.

ता.क. तुझ्या गॅरेजात मोटारीच्या चाकांची जुनी शिशाची वजनं पडून असतात, ती वितळवून गोळ्या ओतायला फार चांगली. टपालाने नकोत, इथला पोस्टमन यालमारचा मेहुणा आहे, वाटेतच गडप होतील. घेऊनच ये.

ता.क. हे मात्र डोरिसलाही वाचून दाखवू नकोस. इतकी वर्षं काडतुसं भरली, पण बंदूक मी एकदाही झाडलेली नाही. बाबा तुला मागच्या अंगणात शिकवत होते तेव्हा मी आत भांडी घासत होते. पंधरा तारखेच्या आत ये आणि मला शिकव. परतीचं तिकीट एकच काढ, तुझं.